बंद पडलेली कंपनी आणि काकूंची सही



गेल्या दिवाळीनंतर आपल्या एका जुन्या सभासद काकू मंडळात आल्या होत्या. शाळेत पस्तीस वर्षे शिकवून निवृत्त झालेल्या, हिशोबाला चोख, वर्गणी कधी एक दिवस उशिरा न देणाऱ्या. त्यांच्या मुलीने भाजणी, मेतकूट आणि मसाल्यांचा घरगुती व्यवसाय बराच वाढवला आहे आणि आता तिला कंपनी काढायची होती. कंपनीला दोन संचालक लागतात म्हणून दुसरे नाव आईचे घातले. अर्ज भरताना संगणकाने काकूंचे नाव घ्यायला नकार दिला. कारण दिले होते एकाच शब्दात : अपात्र.

काकूंना वाटले की वयामुळे असेल. तसे नव्हते. २०१६ साली त्यांच्या पुतण्याने सांवेर रोडवर एक छोटी प्रायव्हेट लिमिटेड कंपनी काढली होती. तेव्हाही दोन नावे हवी होती आणि तेव्हाही "काकू, फक्त एक सही द्या" म्हणून त्यांना संचालक केले गेले. २०२० च्या टाळेबंदीत धंदा बसला. पुतण्या नोकरीसाठी बंगळुरूला गेला, भाड्याची शेड सोडली, यंत्रे विकली. घरातल्या सगळ्यांच्या दृष्टीने कंपनी बंद झाली. कायद्याच्या दृष्टीने मात्र ती आजही सुरू आहे. गेली पाच-सहा वर्षे तिने एकही कागद दाखल केलेला नाही, आणि त्या न केलेल्या गोष्टीची जबाबदारी ज्या दोन नावांवर आहे त्यांतले एक काकूंचे आहे.

हे प्रकरण घरगुती असले तरी ते लिहिण्याची परवानगी काकूंनीच दिली. "दुसऱ्या कोणाचे तरी वाचेल," एवढेच त्या म्हणाल्या. त्यानंतर आम्ही सभासदांमध्ये सहज चौकशी केली तेव्हा अशी बरीच घरे निघाली. कुठे सासूबाई संचालक, कुठे धाकटा भाऊ, कुठे परदेशी गेलेली बहीण. आपला समाज मुख्यतः नोकरीपेशाचा. होळकरांच्या दरबारी कारकुनीपासून सरकारी खात्यांपर्यंत आपण दुसऱ्याचे कागद फार नीट सांभाळले. स्वतःच्या कंपनीचे कागद सांभाळायची वेळ गेल्या पंधरा-वीस वर्षांत आली आहे आणि तिथे आपण थोडे कच्चे पडतो आहोत असे दिसते.

आता बातमीकडे वळू. डिसेंबर २०२५ मध्ये केंद्र सरकारने कंपनी कायद्यातले दोन बदल जाहीर केले. १ डिसेंबर २०२५ रोजी 'छोटी कंपनी' कोणाला म्हणायचे याची मर्यादा वाढवली. पूर्वी भरणा झालेले भांडवल ४ कोटी आणि उलाढाल ४० कोटींपर्यंत असेल तर कंपनी छोटी समजली जाई. आता ही मर्यादा १० कोटी आणि १०० कोटी झाली आहे. २०२१ पूर्वी हाच आकडा ५० लाख आणि २ कोटी होता, म्हणजे पाच वर्षांत मर्यादा कुठल्या कुठे गेली. वर्षअखेरीस, ३१ डिसेंबरला, दुसरा बदल आला : संचालकांना दरवर्षी करावे लागणारे केवायसी आता तीन वर्षांतून एकदा करायचे आहे, आणि याच्या अंमलबजावणीची तारीख ३१ मार्च २०२६ आहे. वर्तमानपत्रांनी 'छोट्या उद्योजकांना मोठा दिलासा' असे मथळे दिले. सभासदांच्या व्हॉट्सअॅप गटावरही अभिनंदनाचे संदेश फिरले.

दिलासा आहे, यात शंका नाही. छोट्या कंपनीला रोख प्रवाहाचे पत्रक जोडावे लागत नाही. वर्षातून चारऐवजी संचालकांच्या दोन बैठका पुरतात. वार्षिक विवरणाचा आखूड फॉर्म चालतो आणि त्यावर बाहेरच्या कंपनी सेक्रेटरीचे प्रमाणपत्र लागत नाही. लेखापरीक्षकाच्या अहवालाला जोडायचे ते लांबलचक सरकारी परिशिष्टही लागत नाही. शेअर कागदी न ठेवता डीमॅट करण्याची सक्ती इतर खासगी कंपन्यांवर आली आहे, तीही छोट्या कंपनीला नाही. दंड झाला तर तो निम्म्याहून जास्त होत नाही. पीथमपूरला सुटे भाग बनवणाऱ्या, सत्तर-ऐंशी कोटींची उलाढाल असलेल्या आपल्या एखाद्या सभासदाच्या कंपनीला यातून खरोखर फायदा होईल. वर्षाकाठी सीएची आणि सेक्रेटरीची थोडी फी वाचेल, त्याहून जास्त डोकेदुखी वाचेल.

पण ज्या कंपन्यांची उलाढाल कधी एक कोटीवरही गेली नाही त्या आधीपासून छोट्याच होत्या. त्यांना या नव्या आकड्याने काही मिळाले नाही. आणि काकूंसारख्यांचा प्रश्न तर कंपनी छोटी की मोठी हा नाहीच. कंपनी चालू आहे की बंद, आणि बंद असेल तर ती रीतसर बंद केली आहे का, हा त्यांचा प्रश्न आहे. सवलती सगळ्या चालत्या कंपनीसाठी आहेत. अर्धमेल्या कंपनीचे मीटर जसे पळत होते तसेच पळते आहे.

हे मीटर कसे पळते ते नीट समजून घ्यायला हवे, कारण आमच्या पाहण्यात बहुतेकांना तेच माहीत नसते.

प्रत्येक कंपनीने दरवर्षी दोन मुख्य कागद कंपनी निबंधकाकडे, म्हणजे आरओसीकडे, ऑनलाइन भरायचे असतात. आपल्या मध्य प्रदेशाचे निबंधक कार्यालय ग्वाल्हेरला आहे. पहिला कागद ताळेबंदाचा, एओसी-४. तो वार्षिक सभेनंतर ३० दिवसांत. दुसरा वार्षिक विवरणाचा, छोट्या कंपनीसाठी एमजीटी-७ए. तो ६० दिवसांत. सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यायची असते, म्हणजे साधारण ऑक्टोबर आणि नोव्हेंबरच्या अखेरीस या मुदती संपतात. २०२५ साली मंत्रालयाच्या पोर्टलची नवी आवृत्ती जुलैत आल्यामुळे मुदत वाढवून मिळाली, पण दरवर्षी तसे होत नाही. धंदा झाला नसला, खात्यात एक रुपयाची उलाढाल नसली, तरी हे दोन्ही कागद भरावे लागतात आणि ताळेबंदाचे ऑडिट सीएकडून करून घ्यावे लागते. छोट्या कंपनीला ऑडिट माफ आहे असा समज बराच पसरलेला आहे. तो चुकीचा आहे. उलाढाल कमी असेल तर ऑडिटची सूट मिळते ती एलएलपीला : उलाढाल ४० लाखांपर्यंत किंवा भागीदारांचे योगदान २५ लाखांपर्यंत असेल तर.

मुदत चुकली तर १ जुलै २०१८ पासून दिवसाला १०० रुपये जादा शुल्क लागते, प्रत्येक कागदामागे. शंभर रुपये ऐकायला काहीच वाटत नाहीत; सराफ्यात रात्री दोघांनी खायचे म्हटले तरी त्याहून जास्त लागतात. पण याला वरची मर्यादा नाही. एका कागदाचे वर्षाला ३६,५०० होतात, दोन कागदांचे ७३,०००. दुसऱ्या वर्षीही भरले नाही तर पहिल्या वर्षाचे दोन कागद आणि दुसऱ्या वर्षाचे दोन, असे चार मीटर एकदम पळायला लागतात. समजा लागोपाठ तीन वर्षांचे कागद राहिले आणि सर्वांत जुन्याला तीन वर्षे उशीर झाला आहे. मग तीन, दोन आणि एक अशी सहा वर्षांची रक्कम होते, ४ लाख ३८ हजार रुपये. कंपनीचे मूळ भांडवल अनेकदा एक लाखच असते.

काकूंच्या पुतण्याच्या कंपनीचा हिशोब आमच्या एका सीए सभासदांनी मांडला. २०१९-२० पासूनचे सगळे कागद आज भरायचे म्हटले तर जादा शुल्कच अकरा लाखांच्या घरात जाते. हे शुल्क कंपनीने भरायचे असते, पण कंपनीकडे काहीच शिल्लक नाही, म्हणजे ते कोणाच्या खिशातून जाणार हे उघड आहे. शिवाय निबंधकाने वेगळी दंडाची कारवाई केली तर त्यात कंपनीबरोबर संचालकांवरही व्यक्तिशः दंड बसतो.

मर्यादित जबाबदारी म्हणतात ती हीच का, असा प्रश्न काकूंनी विचारला. प्रश्न अगदी रास्त आहे.

कंपनी म्हणजे मालकाहून वेगळी अशी एक कायदेशीर व्यक्ती, हे तत्त्व पक्के झाले ते १८९६ च्या सॅलोमन खटल्यात. लंडनमध्ये बूट बनवणारा हा माणूस. त्या काळी कंपनीला सात सभासद लागत, म्हणून त्याने स्वतः, बायको, एक मुलगी आणि चार मुलगे अशी सात नावे घातली. २०,००७ शेअरपैकी २०,००१ त्याचे आणि घरच्या सहा जणांचा एकेक. धंदा बुडाल्यावर देणेकऱ्यांनी म्हटले की ही कंपनी म्हणजे सॅलोमनच. हाउस ऑफ लॉर्ड्सने निकाल दिला की नाही, कंपनी वेगळी आणि सॅलोमन वेगळा. म्हणजे संख्या भरायला घरच्यांची नावे घालण्याची रीत काही आपणच शोधलेली नाही. मर्यादित जबाबदारीचा सर्वांत गाजलेला खटलाच अशा घरगुती कंपनीचा होता.

फरक एवढाच की सॅलोमनच्या घरचे होते भागधारक. भागधारकाची जबाबदारी खरोखर मर्यादित असते. घातलेले पैसे बुडतील, पण त्यापुढे त्याच्याकडे कोणी मागायला येत नाही. संचालकाचे तसे नाही. संचालक म्हणजे कंपनी चालवण्याची कर्तव्ये अंगावर घेतलेला माणूस. मर्यादा पैशाच्या देण्याला आहे, कर्तव्याला नाही. आपल्याकडे 'प्रायव्हेट लिमिटेड' हे शब्द पाटीवर रुबाबदार दिसतात, पण त्यातला 'लिमिटेड' हा शब्द कोणासाठी आहे हे सही करताना कोणी सांगत नाही.

आणि पैशाच्या बाबतीतही त्या मर्यादेला बरीच भोके आहेत. बँक छोट्या कंपनीला कर्ज देताना संचालकांची वैयक्तिक हमी घेतेच घेते. हमीपत्रावर सही झाली की त्या कर्जापुरती मर्यादा संपली. कंपनी दिवाळखोरीत गेली तरी हमीदार सुटत नाही, आणि अशा हमीदारांवरही दिवाळखोरीची कारवाई करण्याची तरतूद सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली वैध ठरवली आहे. जीएसटी कंपनीकडून वसूल झाला नाही तर खासगी कंपनीच्या संचालकांकडून वसूल करता येतो. आपल्या हलगर्जीमुळे हे झाले नाही असे संचालकाने दाखवले तरच तो सुटतो. कंपनीचा चेक परत गेला तर त्यावर सही करणारा संचालक फौजदारी खटल्यात ओढला जातो. नुसते संचालकपद पुरेसे नाही, कारभार त्याच्या हाती होता असे दाखवावे लागते, हे सर्वोच्च न्यायालयाने २००५ सालीच सांगितले आहे. पण समन्स आधी येते, आणि कारभार आपल्या हाती नव्हता हे नंतर कोर्टात जाऊन सांगत बसावे लागते. घरच्या एखाद्या बाईला 'सोयीसाठी' चेकवर सहीचा अधिकार देऊन ठेवला असेल तर तेवढा तरी तातडीने काढून घ्यावा.

आता काकूंच्या अपात्रतेकडे. कंपनी कायद्याच्या कलम १६४(२) प्रमाणे कंपनीने सलग तीन आर्थिक वर्षे ताळेबंद किंवा वार्षिक विवरण भरले नाही तर तिचे संचालक पाच वर्षांसाठी अपात्र ठरतात. त्या काळात त्यांना दुसऱ्या कुठल्याही कंपनीत संचालक होता येत नाही. यातला एक भाग वाचून आम्ही चकित झालो. अशा संचालकाची आधीपासून असलेली इतर कंपन्यांतली पदे रिकामी होतात, पण ज्या कंपनीने चूक केली तिथले पद मात्र राहते. म्हणजे चांगल्या ठिकाणाहून बाहेर आणि बुडत्या ठिकाणी आतच. कायदा करणाऱ्यांच्या मनात यामागे कारण आहे : सगळेच संचालक एका फटक्यात गेले तर थकलेले कागद भरणार कोण? तर्क समजतो, पण ज्या माणसाला आपण संचालक आहोत हेच आठवत नाही त्याला तो समजावणे अवघड जाते.

ही तरतूद अनेक घरांना अनपेक्षित का वाटते, याचेही कारण आहे. १९५६ च्या जुन्या कायद्यात अशी अपात्रता फक्त पब्लिक कंपन्यांच्या संचालकांना होती. त्या काळी घरगुती प्रायव्हेट कंपनीत बायकोचे किंवा आईचे नाव घालण्यात खरोखरच फारसा धोका नव्हता. आपल्या वडीलधाऱ्यांनी तसे केले, त्यांच्या सीएंनी तसेच सुचवले, काही बिघडले नाही. २०१३ चा कायदा आला आणि १ एप्रिल २०१४ पासून हे कलम प्रायव्हेट कंपन्यांनाही लागू झाले. पहिली तीन वर्षे भरली आणि नोटाबंदीनंतर सरकार बनावट कंपन्यांच्या मागे लागले तेव्हा, २०१७ साली, दोन लाखांहून जास्त कंपन्यांची नावे नोंदवहीतून काढली गेली आणि तीन लाखांवर संचालक अपात्र ठरले. त्या तीन लाखांत पैसे फिरवणारे किती आणि 'फक्त एक सही' देणारे किती, हे त्या यादीवरून कळत नाही. मग गुजरात, दिल्ली आणि इतर उच्च न्यायालयांत अर्जांचा पाऊस पडला आणि अनेकांना काही प्रमाणात दिलासाही मिळाला. पण कलम जिथल्या तिथे आहे. कायदा बदलला, घरातली सवय बदलली नाही.

या बाबतीत आम्हांला पुतण्याची बाजूही समजते. त्याने कोणाला फसवले नाही. कामगारांचे पगार दिले, बँकेचे देणे फेडले, आणि नोकरी धरली. कंपनी कशी मिटवायची हे त्याला कोणी सांगितले नाही. उलट काढताना सगळे दहा दिवसांत झाले होते. एका ओळखीच्याने तर त्याला सल्ला दिला की राहू दे तसेच, दोन वर्षांनी सरकार आपणच नाव काढून टाकते, फुकटात. हा सल्ला बाजारात सर्रास मिळतो. निबंधक स्वतः नाव काढू शकतो हे खरे आहे, पण तोवर तीन वर्षे भरून अपात्रता लागून गेलेली असते, खाते गोठते, आणि कंपनीच्या नावावर काही राहिले असेल तर ते सोडवायला राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाची पायरी चढावी लागते. फुकट असे त्यात काही नाही. किंमत उशिरा कळते.

दुसरी आशा असते माफी योजनेची. २०१८ साली विलंब माफीची योजना आली होती, करोनाच्या वर्षी २०२० मध्ये आणखी एक आली आणि डिसेंबरअखेरपर्यंत चालली. २०२० च्या योजनेत नेहमीचे शुल्क भरून जादा शुल्काशिवाय जुने कागद भरता आले. अशी योजना आली तर जरूर घ्यावी. पण ती येईल म्हणून वाट पाहणे म्हणजे दिवसाला दोनशे, चारशे, सहाशे रुपये देऊन वाट पाहणे आहे.

मग करायचे काय? धंदा खरोखर संपला असेल आणि देणी फिटली असतील तर एसटीके-२ हा अर्ज करून कंपनीचे नाव नोंदवहीतून काढून घेता येते. सरकारी शुल्क १०,००० रुपये. २०२३ पासून हे अर्ज हरियाणात मानेसरला एका वेगळ्या केंद्रात तपासले जातात, त्यामुळे काम पूर्वीपेक्षा बरेच लवकर होते. त्यासाठी बँक खाते बंद करावे लागते, सीएकडून अलीकडच्या तारखेचे हिशोबपत्रक घ्यावे लागते आणि सगळ्या संचालकांना हमीबंध लिहून द्यावा लागतो : पुढे काही देणे निघाले तर आम्ही बघू. जीएसटीची नोंदणी वेगळी रद्द करावी लागते; ती आपोआप जात नाही.

यातली सर्वांत उपयोगी गोष्ट अशी की नाव काढायला आजपर्यंतचे सगळे कागद लागत नाहीत. ज्या आर्थिक वर्षात धंदा थांबला त्या वर्षापर्यंतचे भरले की पुरते. काकूंच्या बाबतीत धंदा थांबल्याचे वर्ष २०२०-२१ धरता येते : शेड सोडल्याचे पत्र त्या वर्षातले आहे, यंत्रविक्रीची बिले आहेत, विजेचे मीटर परत केल्याची पावती आहे. म्हणजे सहा वर्षांऐवजी दोनच वर्षांचे कागद. अकरा लाखांचा आकडा साडेसहा लाखांच्या आत येतो. अजूनही पोटात गोळा यावा इतका आहे, पण त्या चार कागदांनी जवळपास पाच लाख वाचतात. म्हणून धंदा बंद करताना बंद झाल्याचा पुरावा जपून ठेवावा, नुसता सुरू असल्याचा नव्हे. एक अट आहे : नाव काढण्याची नोटीस निबंधकाने आधीच पाठवली असेल तर सगळेच कागद भरावे लागतात. काकूंचे घर हेच कंपनीचे नोंदणीकृत कार्यालय होते. कंपनीच्या नावाने आलेले लिफाफे त्यांनी पुतण्या आल्यावर द्यायचे म्हणून कपाटावर नीट रचून ठेवले होते, न उघडता. ते सगळे आम्ही मिळून उघडले. तशी नोटीस त्यांत नव्हती.

धंदा थांबला आहे पण पुन्हा सुरू करायचा विचार आहे, किंवा कंपनीच्या नावावर जागा किंवा ट्रेडमार्क आहे, अशांनी कंपनी 'सुप्त' घोषित करून घ्यावी. एमएससी-१ हा फॉर्म भरून हे करता येते. त्यानंतर वर्षाला एक साधे विवरण पुरते. पाच वर्षांपर्यंत असे राहता येते. हा मार्ग आपल्याकडे जवळजवळ कोणी वापरत नाही. सीए मंडळींनी तो जास्त सांगायला हवा असे आमचे मत आहे.

आणि ज्यांची नावे केवळ संख्येसाठी घातलेली आहेत त्यांनी वेळीच राजीनामा द्यावा. राजीनाम्याचे पत्र कंपनीला लेखी द्यायचे, पोचपावती किंवा पोस्टाची पावती ठेवायची. कंपनीने ते ३० दिवसांत निबंधकाला कळवायचे असते. कंपनीने टाळाटाळ केली तर संचालक स्वतः डीआयआर-११ भरू शकतो. कागद थकण्यापूर्वी दिलेला राजीनामा वाचवतो, थकल्यानंतरचा नाही. अडचण अशी की दोघांपैकी एक गेला तर दुसरा आणायला लागतो, आणि मग पुन्हा घरातल्याच कोणाकडे तरी बोट जाते. त्याचे उत्तर २०१३ च्या कायद्यानेच दिले आहे : एकट्या व्यक्तीची कंपनी, ओपीसी. एक भागधारक, एक संचालक, आणि आपल्या पश्चात कोण यासाठी एक नॉमिनी, जो संचालक नसतो. १ एप्रिल २०२१ पासून तिच्यावरची भांडवलाची आणि उलाढालीची मर्यादाही काढून टाकली आहे. ज्या घरात धंदा खरोखर एकच माणूस करतो तिथे दोन नावांची प्रायव्हेट लिमिटेड कशाला काढायची, हे आम्हांला कळत नाही. मोठे गुंतवणूकदार आणायचे असतील तर गोष्ट वेगळी. भाजणी-मेतकुटाला ते अजून तरी आलेले नाहीत.

एक गोष्ट सांगायची राहिली, ती डिजिटल सहीची. संचालकाची डिजिटल सही पेनड्राइव्हसारख्या टोकनवर असते आणि आपल्याकडे ते टोकन बहुतेक वेळा सीएच्या खणात, रबरबँडने बांधलेल्या गठ्ठ्यात पडलेले असते. पासवर्ड चिठ्ठीवर लिहून त्यालाच चिकटवलेला. विश्वासाचा प्रश्न नाही, पण ती तुमची सही आहे. कोऱ्या कागदावर सह्या करून कोणाच्या खणात ठेवायला आपण तयार झालो असतो का? नव्या नियमात केवायसी तीन वर्षांतून एकदाच असल्यामुळे ही बाब उलट जास्त निसटेल अशी आम्हांला भीती वाटते. दरवर्षी सप्टेंबरात ओटीपी मागायला फोन यायचा, तेव्हा निदान आठवण व्हायची की आपण कुठेतरी संचालक आहोत. आता ती आठवणही तीन वर्षांनी. शिवाय मोबाइल, ईमेल किंवा पत्ता बदलला तर तो ३० दिवसांत कळवायचा आहे; घर बदलणाऱ्यांनी, आणि मुलांकडे पुण्या-बंगळुरूला राहायला गेलेल्या ज्येष्ठांनी हे विशेष लक्षात ठेवावे.

काकूंचे सध्या असे आहे. पुतण्याने सगळी रक्कम आपण भरतो म्हणून सांगितले आहे, दोन वर्षांच्या ऑडिटचे काम सुरू झाले आहे आणि ते संपले की एसटीके-२ जाईल. त्यांची अपात्रता २०२७ च्या शरदापर्यंत राहील, कागद भरले तरी ती आपोआप मागे जात नाही. मुलीने ओपीसी काढली, नॉमिनी म्हणून यजमानांचे नाव दिले. ज्या कंपनीसाठी आईची सही मागितली होती तिला ती सही मुळात लागतच नव्हती.

आपल्या सीए आणि सीएस सभासदांनी या महिन्यात दर शनिवारी संध्याकाळी पाच ते सात मंडळाच्या वाचनालयात बसायचे कबूल केले आहे. आपण कुठे संचालक किंवा एलएलपीत भागीदार आहोत का, त्या कंपनीचे शेवटचे कागद कधी भरले गेले, आपले नाव अपात्रांच्या यादीत आहे का, हे मंत्रालयाच्या पोर्टलवर दहा मिनिटांत पाहता येते. येताना पॅन कार्ड, डीआयएन माहीत असल्यास तो, आणि कंपनीच्या नावाने घरी आलेले लिफाफे, उघडलेले वा न उघडलेले, घेऊन यावे. सल्ल्याला फी नाही. पुढचे काम मात्र आपापल्या सीएकडूनच करून घ्यायचे आहे.